बोडक्यावर

हुक्केरी सोडली की अकराव्या मिनिटाला
उजव्या खिडकीत तो यायचा,
चिंचेच्या वळणापर्यंत असायचा, मग नाही.
तेवढ्यात माझी सात-आठ तिकिटं फाडून व्हायची.
एकतीस वर्षं.
जाताना उजवीकडं, येताना डावीकडं.
मराठी पाशिंजर त्याला बोडका म्हणत,
कन्नड पाशिंजर बोळगुड्ड.
दोघांनीही आपापल्या भाषेत बघून
त्याच्या डोक्यावर केस नाहीत, एवढंच ठरवलेलं.

रिटायर होऊन हा दुसरा जानेवारी.
त्याच गाडीत आज तिकीट काढून बसलो.
पोरगेल्या कंडक्टरला म्हटलं, इथं उतरव.
'इथं स्टॉप नाही, काका.'
ठाऊक आहे गा, मीच कितींना सांगितलंय.
त्यानं दोरी ओढली.

गाडीची धूळ बसेपर्यंत उभा राहिलो.
मग शाळूच्या बांधावरनं, ओढ्यातनं
(ओढ्यात पाणी नव्हतं, एका पायाची चप्पल होती)
मुरुमावर आलो.
खिडकीतून तो कसा गुळगुळीत दिसायचा,
तळहातानं पुसून घेतल्यासारखा.
जवळ आल्यावर सगळा फुटलेला,
तांबडे धोंडे, धोंड्यांच्या फटीत निवडुंग,
कुसळं पँटीतून पोटरीला.
वाट म्हणून जी धरली ती शेळ्यांची निघाली
आणि शेळ्यांना वर जायचं नसतं,
पुढच्या बोरीपर्यंत जायचं असतं.

शेळ्यांमागं लगमव्वा. नाव नंतर कळलं.
'येल्ली होंटीरी?'
वर, म्हटलं. मेले.
तिनं वर बघितलं, मग माझ्या गुडघ्यांकडं.
'मेले एनू इल्लरी.'
वर काही नाही, हे तिनं अशा सुरात सांगितलं
जशा सुरात मी सांगायचो,
मागं मोप जागा आहे, सरका.
फरक इतकाच, ती खरं बोलत होती.
मग काठीनं डावी बाजू दाखवली,
उजव्या कपारीत गांधीलमाश्या आहेत म्हणाली,
आणि माझ्याकडं पाठ करून
एका करड्याला नावानिशी शिव्या देऊ लागली.

तीनदा बसलो.
दुसऱ्यांदा बसलो तिथून
रस्त्याचा आवाज तुटला.
तितर ओरडून थांबला, तेव्हा कळलं
कानात इतकी वर्षं इंजिन चालू होतं.

वर खरोखर काही नव्हतं.
वाळकं शेण. चुना फासलेला एक दगड.
कुणा पोरानं एकावर एक रचलेल्या चार चिपा,
त्या मात्र पडलेल्या नव्हत्या.
आणि उत्तरेला,
जी बाजू कुठल्याच खिडकीत कधी आली नाही,
तिथं त्याच्यामागं त्याच्यासारखेच आणखी,
पाच मोजले, मग धुरकट झाले,
त्यांना काय म्हणतात ते
खाली कुणीतरी म्हणतच असेल.

दस्तगीरला फोन लावला.
बावीस वर्षं माझ्या पुढच्या सीटवर त्याची पाठ.
दर खेपेला इथं गिअर बदलताना म्हणायचा,
एक दिवस गाडी कडेला लावू आणि चढू मास्तर,
वर चहाची टपरी असली तर.
आता मुलीकडं फोंड्याला असतो,
नारळाच्या सावलीत बसून कंटाळतो.
'पोचलात?'
पोचलो.
'टपरी?'
मेले एनू इल्ल, म्हटलं.
बराच वेळ तो नुसता हसत राहिला,
मग खोकला, मग गप्प.
वारा फोनमध्ये शिरत होता,
त्याला तो ऐकू येत असावा.
'रस्ता दिसतो?'
दिसत होता. पुलापासून चिंचेपर्यंत,
माझी सात-आठ तिकिटं,
सगळी मिळून एका वितीत बसत होती.
एक लाल गाडी त्या वितीतून चालली होती,
पुढं गाडी, पाठीमागं बऱ्याच वेळानं आवाज.
चिंचेशी ती गेली, आवाज अजून यायचा होता.

'उतरा आता,' दस्तगीर म्हणाला,
'साडेपाचची आहे, थांबणार नाही तिथं.
वळणाच्या अलीकडं उभं राहा,
तिथं ब्रेक मारावाच लागतो.'